गळक्या गाडीचा मान

सालोंगो कायीवांच्या गाडीखाली तेलाचा पहिला डाग पडला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तो पाहिला आणि कुणीच चकार शब्द काढला नाही. मसाक्यात जुळ्यांचा बाप झालेल्या माणसाला सालोंगो म्हणून मान मिळतो, आणि कायीवांनी तो मान तीस वर्षं चवीचवीने खाल्ला होता. त्यांना वाईट बातमी सांगायची कुणाची छाती नव्हती. गाडीही जवळपास जुळ्यांच्याच वयाची, डिझेलवर चालणारी. ती सुरू झाली की शेजारच्या कोंबड्या उडून कुंपणावर बसायच्या, आणि सालोंगो म्हणायचे, "आवाज कसा भरदार आहे बघा."

शेवटी तो डाग सालोंगोंनी स्वतःच पाहिला, तोही नेमका क्वांजुलाच्या, म्हणजे सोयरीक पक्की करण्याच्या समारंभाच्या, आठवड्यात. शनिवारी त्यांचा थोरला जुळा वास्वा याची ओळख करून द्यायला सगळं कुळ कालिसिझोला मुलीच्या अंगणात जाणार होतं. त्या दिवशी मुलीकडची माणसं पाहुण्यांच्या चुका वेचायलाच बसलेली असतात. उशीर झाला, दंड. नमस्कार चुकला, दंड. त्यात मुलीच्या बापाने, सेबागालांनी, अंगणात नव्या लाल फरशा बसवल्या होत्या. त्यावर वराच्या बापाच्या गाडीने तेल सांडलं असतं, तर पुढच्या तीन पिढ्यांना विषय मिळाला असता.

बुधवारी कंपालाहून धाकट्या भावाचा, लुबोवाचा फोन आला. लुबोवाकडे नवी कोरी पांढरी गाडी होती आणि ती कुणी विसरू नये याची तो काळजी घेत असे.

"दादा, शनिवारी पुढं माझी गाडी लावू. तुझी येऊ दे मागनं, सावकाश."

"का? माझ्या गाडीला काय धाड भरलीय?"

"गळते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"वहिनींनी नाही हं सांगितलं," लुबोवा घाईने म्हणाला. सालोंगोंना कळायचं ते कळलं.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गाडी कोरडी झाली तर पुढं मी," ते म्हणाले. "नाहीतर तू." आणि त्यांनी फोन ठेवला.

सेरुंजोगी मेकॅनिकचं गॅरेज फणसाच्या झाडाखाली होतं. गॅरेजला भिंती नव्हत्या, त्यामुळे सल्ला द्यायला येणाऱ्यांना दार शोधावं लागत नसे. बुधवारी सगळ्यांच्या सल्ल्याने इंजिनावरच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं, पॅकिंग बदललं. गुरुवारी सकाळी डाग दुप्पट. मग गिअरबॉक्स उतरवून मागचं ऑइल सील बदललं. शुक्रवारी सकाळी गाडीखाली अंथरलेला, तेलाने भिजलेला पुठ्ठा उचलताना सालोंगोंच्या हातात नुसत्या कडा आल्या.

"आता पीठ," सेरुंजोगी म्हणाला.

त्याने इंजिन साबणाने धुतलं, वाळवलं आणि त्यावर कसाव्याचं पीठ भुरभुरलं. जिथे पीठ आधी काळं पडेल, तिथे गळती. पद्धत उत्तम होती. गाडी सुरू केल्यावर पाच मिनिटांत पीठ सगळीकडून एकदमच काळं पडलं, नव्या पॅकिंगखाली आणि नव्या सीलपाशीसुद्धा. सेरुंजोगीने इंजिन बंद केलं, तो चहा पिऊन आला आणि मग त्याने तेल मोजायची काडी ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर होतं.

"सालोंगो, ही गळत नाहीये," तो म्हणाला. "ही ओकतेय. कोण भरवतंय हिला एवढं?"

सालोंगोंनी घरच्यांना तिथेच झाडाखाली बोलावून घेतलं. बायको नालोंगो खाली बघत म्हणाली, "मी थोडंसंच घालत होते. रोज सकाळी, डाग दिसला की."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला कशाला त्रास?"

वास्वा म्हणाला, "मी संध्याकाळी घालायचो. तुम्ही नुकतीच गाडी आणून लावलेली असायची. काडी कमी दाखवायची."

"इंजिन नुकतं बंद केलं की कमीच दाखवते," सेरुंजोगी म्हणाला. "तेल वर असतं तेव्हा. खाली उतरायला वेळ द्यावा लागतो. आणि सालोंगो, तुम्ही नाही ना काही घातलं?"

"कालच्या दोन बाटल्या सोडून नाही," सालोंगो म्हणाले. "पण मी मालक आहे."

चार लिटर तेल काढून घेतल्यावर गाडी लगेच वळणावर आली. सालोंगोंना मात्र वाईट वाटत होतं. घरातली माणसं आपल्याला साधा डागसुद्धा दाखवायला भितात, हे काही त्यांना भूषण वाटलं नाही. ते नालोंगोला म्हणाले, "इथून पुढं जे असेल ते मला तोंडावर सांगायचं." मग लुबोवाला फोन करून त्यांनी आपण पुढे असल्याचं दोनदा सांगितलं.

शनिवारी मानाची गाडी वाजतगाजत कालिसिझोला पोहोचली. रांगेत लावण्यासाठी गाड्यांच्या किल्ल्या सेबागालांच्या पुतण्यांनी घेतल्या. दोन्हीकडून बोलायला नेमलेले बोलके एकमेकांवर शब्दांनी तुटून पडले, भेटींच्या टोपल्या आल्या, दंड झाले, केळीच्या पानात शिजवलेली कोंबडी आली. पांढरा पायघोळ कांझू घातलेले सालोंगो सूनमुखाऐवजी गाडीच्या बुडाकडे बघत होते. लाल फरशी कोरडी होती. त्यांना मुलाच्या सोयरिकीपेक्षा तिचाच आनंद जास्त झाला.

निघताना सेबागालांनी त्यांचा हात हातात घेतला.

"व्याहीबुवा, तुम्ही दिवसभर गाडीखाली बघत होतात. मी ओळखलं."

"काय ओळखलंत?"

"पाहुण्याने अडचण तोंडाने सांगायची वेळच कशाला आणायची? तुम्ही उतरल्या उतरल्या पुतण्याने काडी बघितली. तेल अगदी खाली. तीन लिटर घालून ठेवलंय."

क्वांजुलाच्या दिवशी मिळालेली वस्तू परत करणं म्हणजे सोयरीक मोडणं. सालोंगोंनी तोंडभर आभार मानले, गाडी सुरू केली आणि त्या लाल फरशांवरून अशी सुसाट बाहेर काढली, की मुलीकडचे म्हणाले, या वयातही काय हात आहे. रस्त्याला लागताच मागे निळा धूर उठला. आरशात लुबोवाची पांढरी गाडी दिसत होती. कडक उन्हात तिचे वायपर चालू होते आणि काचेवर काळं सारवण चाललं होतं.

"अहो, थांबा," नालोंगो म्हणाली. "गळतेय."

"थांबलो की तो पुढं जाईल."

नालोंगो त्यांच्याकडे वळली. "तोंडावर सांगायचं म्हणालात, म्हणून सांगते. तुमचा कांझू उलटा आहे. सकाळपासून."

सालोंगोंनी खाली पाहिलं. गळ्यावरची नक्षी आत होती आणि शिवण बाहेर.

"मग त्यांनी दंड कसा नाही केला?"

"केला की. एक बकरा. भाऊजींनी गुपचूप भरला. म्हणाले, दादाला कळू देऊ नका, त्याचा दिवस आहे."

सालोंगोंनी आरशात पाहिलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हात बाहेर काढून भावाला पुढे जायची खूण केली.

पण लुबोवाही मागेच थांबला. तो उतरला तेव्हा त्याची नवी कोरी गाडी कपाळापासून हनुवटीपर्यंत ठिपकेदार झाली होती. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. डिकी उघडून त्याने तेलाची एक बाटली काढली आणि ती मिरवत आला.

"दादा, अजिबात काळजी करू नको. मला वाटलंच होतं, वाटेत कमी पडेल. कंपालाहून मुद्दाम घेऊन आलोय. महागातलं आहे."

नालोंगोने तोंड उघडलं. सालोंगोंनी तिच्या हातावर हात ठेवला, मग ते खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट वर केलं.

"घाल," ते म्हणाले. "पण थोडंच."