एकसष्ट लिंकांचं पान

चष्मेवाले काका लेन्स घासायच्या यंत्रावर फडकं टाकून संगणकासमोर बसले, तेव्हा दुकानात सकाळपासून एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. समोर मोठं चकचकीत दुकान उघडल्यापासून हे रोजचंच झालं होतं. मुलानं फोनवर निक्षून सांगितलं होतं, "बाबा, अजून तीन महिने बघा. नाहीतर दुकान बंद करून घरी आराम करा." आराम म्हटल्याबरोबर काकांनी घाईघाईनं फोन ठेवून दिला होता. गेली बत्तीस वर्षं ते सकाळी नऊला घराबाहेर पडत आले होते. धडधाकट माणूस घरी बसून दिवसभर करतो तरी काय, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पुतणीनं दुकानाचं एक पान इंटरनेटवर टाकून दिलं होतं. पण शोधणाऱ्याला ते सापडायचं सर्वांत खाली, म्हणजे कुणालाच सापडायचं नाही.

"दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्याकडे लिंक आल्या की आपण वर सरकतो," पुतणी म्हणाली. "आणि आपल्या पानावर लिंक द्यायची ती वाचणाऱ्याला गरज असेल तिथंच. दाबल्यावर कुठं जाणार, ते शब्दांवरून कळलं पाहिजे."

एवढं सांगून ती कामासाठी परगावी गेली. काकांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मनावर घेतलं.

ते रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात गेले. नाही कुणीच म्हणालं नाही, पण प्रत्येकानं परतफेडीची लिंक मागितली. काका पडले भिडस्त. दोन आठवड्यांत त्यांच्या पानावर एकसष्ट लिंका झाल्या. 'नजर' दाबलं की टायरवाला, 'नाजूक' दाबलं की किल्ल्या बनवणारा. सलूनवाल्याला मोक्याची जागा हवी होती, म्हणून 'डोळे तपासण्याची वेळ ठरवा' ही ओळच त्याला देऊन टाकली. उरलेल्या जागी जिथं जिथं 'चष्मा' होता, तिथं काकांनी पुन्हा आपल्याच पानाची लिंक लावली.

पहिला फोन एका आजीबाईंचा आला. "अहो, तासभर तुमच्या पानावर अडकलेय. चष्मा दाबला की परत तेच पान. बाहेर कसं पडायचं?"

दुपारी सलूनवाला एका गृहस्थांना हाताला धरून घेऊन आला. त्यांच्या गळ्याभोवती कापड होतं आणि डोक्याचा उजवा भाग भादरलेला होता.

"काका, हे डोळे तपासायला आलेत. अर्धे केस कापून झाल्यावर बोलले."

"मला वाटलं, इथं आधी केस कापत असतील," गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाले.

काकांनी गंभीरपणे त्यांचे डोळे तपासले. नंबर अचूक निघाला. उरलेले केस कापून घ्यायला ते परत सलूनमध्ये गेले.

आठवड्याभरात काकांचं पान शोधूनही सापडेना. पुतणी परत आली आणि ते पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"काका, हा काय बाजार मांडलाय? एवढ्या लिंका पाहून त्या शोधयंत्राला वाटलं, आपण फसवाफसवी करतोय."

"मी?" काका खुर्चीतून उठले. "बत्तीस वर्षांत एकाला चुकीचा नंबर दिला नाही गं मी."

त्यांना फार लागलं ते. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. पुतणीनं चार कामाच्या लिंका ठेवून बाकीच्या पुसल्या. प्रत्येक दुकानदाराची समजूत काढण्यात मात्र काकांचा आठवडा गेला, आणि टायरवाला अजूनही तोंड फिरवून बसतो.

तिसऱ्या महिन्यात, काकांनी फ्रेम खोक्यांत भरायला घेतल्या असताना, बायका येऊ लागल्या. एकट्या, दुकट्या, काही तर दूरच्या गावाहून. सगळ्यांची तक्रार एकच, बारीक टाके दिसत नाहीत. काकांना पाणी प्यायला फुरसत मिळेना.

पुतणीनं संगणकावर छडा लावला. "सगळ्या एकाच पानावरून येतायत, काका. विणकामाचं पान आहे, नऊ हजार वाचक. हे बघा काय लिहिलंय. 'टाके दुहेरी दिसू लागले तर सुया बदलू नका, चष्मा बदला. घाई न करता नंबर काढून देणारं दुकान.' या शेवटच्या शब्दांवर तुमची लिंक आहे. लिंक अशी द्यायची असते!"

"कोण गं ही भली बाई? जाऊन आभार मानायला हवेत."

पुतणीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. पानाच्या कोपऱ्यातल्या फोटोत काकू हसत होत्या.

घरी पोचल्यावर काका चपला न काढताच उभे राहिले. "तू हे कधीपासून लिहितेस?"

"सात वर्षं झाली. तुम्ही दुकानात गेलात की बसते."

"आणि माझ्यासाठी तू..." काका तसेच चपलांसकट पुढं आले.

"तुमच्यासाठी कशाला?" काकू विणकामावरची नजर न काढता म्हणाल्या. "दुकान बंद झालं असतं तर तुम्ही दिवसभर घरात. मग मी लिहिणार कधी?"

दुसऱ्या दिवसापासून चष्मेवाले काका अर्धा तास लवकर दुकान उघडू लागले.