सर्व चॅनेल व्यग्र आहेत

बिघाड झाला की तक्रार करावी आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत धीर धरावा, या दोन खांबांवर सुसंस्कृत समाज उभा असतो. मिनेसोटातल्या बेमिजी गावात सौजन्य हा तिसरा खांबही आहे. (तो बाकीच्या दोघांच्या वाटेत येतो, पण हे बोलून दाखवणं सौजन्याला धरून नाही.)

याच गावी लोकांची घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारी होल्व्हर्सन हीटिंग ही कंपनी आहे. तिच्या फोनयंत्रणेची देखभाल गॉर्डी ट्वेट करतो. कंपनीचे फोन इंटरनेटच्या वाटेने येतात-जातात. त्या वाटेला सिप ट्रंक म्हणतात, आणि कंपनीने तिच्यात आठ चॅनेल घेतले आहेत. एका चॅनेलवर एकच बोलणं. आठही भरले की नवव्या माणसाला टूं टूं ऐकू येतं, मग तो गिऱ्हाईक असो की गव्हर्नर.

जानेवारीतल्या एका सकाळी फोन मिनिटभर बंद पडले आणि आपोआप सुरू झाले. नियमावली स्पष्ट होती: बिघाड आढळल्यास प्रत्येक विभागाने लाइन पुरवणाऱ्या कंपनीकडे स्वतंत्रपणे फोनवर तक्रार नोंदवावी. (नियम गॉर्डीचाच. एका विभागाच्या तक्रारीला कोण भीक घालतो?) विभाग आठ होते. याला दूरदृष्टी म्हणतात. आठही विभागांनी फोन लावले, आठही जण रांगेत उभे राहिले, आणि पलीकडची बाई प्रत्येकाला सांगू लागली की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.

परिणाम उत्तम झाला. दुपारपर्यंत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. मॅनेजर ड्वेनने कानाशी रिसीव्हर धरूनच भिंतीवर शून्य तक्रारींचा आलेख लावला. दुरुस्तीवाले कॉफी पीत पत्ते कुटत बसले. बाहेर उणे तीस तापमान होतं. त्यात एवढं समाधानी गाव दुर्मीळच.

तेवढ्यात गॉर्डीची आई आर्डिस आत आली. अंगात नवऱ्याचा जुना कोट, हातात हॉटडिशचं, म्हणजे तिकडच्या खिमा-बटाट्याच्या भाजलेल्या पदार्थाचं, झाकलेलं भांडं.

"तुला त्रास द्यायचा नव्हता रे," ती म्हणाली. "आपली भट्टी जरा बंद पडलीय. नळही गोठलाय. पण तुझं काम आवर आधी."

"अगं आई, फोन नाही का करायचा?"

"केला की. लागतच नाही तुमचा. म्हटलं, कामात असतील बिचारे."

दुरुस्तीवाला लाइल लगेच उठला. "मावशी, हा निघालोच. फक्त तक्रार नंबर लागेल, आणि तो आमच्याकडे फोन केल्यावरच मिळतो."

आर्डिसने काउंटरशी उभं राहून आपल्या मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. टूं टूं.

आता गॉर्डीने पडद्यावर पाहिलं. आठ चॅनेल, आठ बोलणी, आठही एकाच नंबरला. आठवं त्याचं स्वतःचं.

"कोणीतरी एकाने फोन ठेवा," तो म्हणाला.

"ठेवला असता रे," हिशेबातली मार्लिस म्हणाली, "पण माझा नंबर तिसरा आलाय. ड्वेन, तू ठेवतोस?"

"छे छे, आधी तू. बायकांचा मान पहिला."

अखेर ठरलं की तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम ठेवायचा. हे सर्वांना न्याय्य वाटलं. गॉर्डीने मोजलं: एक, दोन, तीन.

आठही रिसीव्हर आठही कानांशीच राहिले. बाकीचे सात ठेवतीलच, मग आपण एकट्याने धरून ठेवला तर कुणाचं काय बिघडतं, असा साधा विचार प्रत्येकाने केला होता. गॉर्डीला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण त्याचा नंबर नुकताच पहिला आला होता.

आर्डिसने मुलाच्या कानाकडे पाहिलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "स्वेटर आहे मला." हॉटडिश काउंटरवर ठेवून ती गेली. जाताना तिने दार नीट लावून घेतलं, आतल्यांना गार लागू नये म्हणून.

वाचकहो, त्या खोलीत तुम्ही असता तर फोन नक्की ठेवला असता, याबद्दल दुमत नाही. गॉर्डीचीही तीच खात्री होती. तो तुमच्याच भरवशावर धरून बसला होता.