व्हॉल्व्हची काजळी

"रविवारी अकरा वाजता हा रेडिओ बोलणार म्हणजे बोलणार," असं चंद्रकांतनं जाहीर केलं, आणि त्याच्या बायकोनं, सुनीतीनं, भाजी निवडता निवडता अट घातली. बोलला तर मागची खोली त्याची. नाही बोलला तर तिथे तिचा पेटीचा क्लास. तेव्हापासून या माणसाच्या पायाला भिंगरी लागली होती. मारुंजीतल्या त्या फ्लॅटमध्ये आठवडाभर तो दहा मिनिटं एका जागी बसला नव्हता.

रेडिओ दुसऱ्या महायुद्धातला, लष्करी, उचलायला दोन माणसं लागणारा. त्याचा सगळा जीव पाच व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बोटाएवढ्या काचेच्या नळ्यांमध्ये. शनिवारी त्या टेबलावर काढून ठेवून चंद्रकांत सोल्डरची तार आणायला महाळुंग्याला गेला. परत येऊन बघतो, तर कामाच्या तुळजाबाई बाल्कनीत मांडी ठोकून बसलेल्या. बाई मुळशी धरणावरच्या वाडीतल्या. बाटलीतल्या साबणावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, चुलीची राख घरून आणायच्या.

"हे काय करताय?"

"काचा घासतेय. कंदिलावानी लई काजळी धरलीय डोक्याला. निघंना मेली."

चंद्रकांतनं सोल्डरची तार तिथेच टाकली. "अहो, ती काजळी नाही. काचेच्या आतली हवा काढून घेतात, उरलीसुरली शोषायला आतून तो चकचकीत लेप देतात. लेप काळा आहे तोवर व्हॉल्व्ह जिवंत. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो, मग खेळ खलास."

तुळजाबाईंनी पुढ्यातल्या नळ्या उलटसुलट करून पाहिल्या. "काळंच हाय की. जित्त्या हायेत."

जित्त्या होत्या, पण काचेवर छापलेले नंबर राखेनं पार धुऊन निघाले होते. कुठली कुठे बसवायची? आणि पुढ्यात तर चारच.

"पाचवी?"

"ती झाली, म्हून तिच्या जागंवर खोवली. वर पत्र्याचं टोपन बी घातलं."

चला, एक तरी ठिकाणावर आहे! चंद्रकांतला हुरूप आला. नंबर गेले तर गेले, पोटातली रचना कुठे जाते? पण चष्मा लावूनही त्याला आतलं दिसेना. मग तुळजाबाई उजेडात धरून सांगू लागल्या.

"हिच्यात दोन पत्रं हायेत. हिच्यात पत्र्याच्या आत तारंची जाळी. हिच्यात जाळीत जाळी. आनि हिच्यात जाळीत जाळी, तिच्यात अजून जाळी."

चंद्रकांत जुन्या पुस्तकातल्या आकृत्यांशी पडताळत गेला. चारही ओळखू आल्या. पठ्ठ्यानं त्या भरात सुनीतीला ऐकवलं, "पेटी आहे तिथेच राहू दे."

रविवारी अकराला बटण दाबलं. चार व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल झाले. रेडिओ मात्र हूं की चूं करेना. चंद्रकांतनं तारा हलवल्या, खोलीत चार फेऱ्या मारल्या, शेवटी बटण बंद करून पाचव्याचं टोपण काढलं.

आतला व्हॉल्व्ह दुधासारखा पांढरा होता.

"ही बगा," तुळजाबाईंचा चेहरा फुलला. "हिला जोर लावून घासली. बुडाशी कुट्ट वाजलं आनि समदी काजळी आपसूक गेली. बाकीच्या चार न्हाई हो निघाल्या, मलाच वंगाळ वाटतंय."

इतक्या मनापासून केलेल्या कामाला नावं कशी ठेवायची? चंद्रकांतला ते जमेना.

"छान निघालीय," तो म्हणाला, आणि पेटीचं एक टोक धरायला सुनीतीच्या मागोमाग गेला.