रजेबद्दल दिलगीर

स्वतःच स्वतःच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाने सुटी घेतली, तर माफी कोणाची मागायची, हा प्रश्न आमच्या गावात पूर्वी कधी उद्भवलाच नव्हता. कारण तशी सुटी कोणी घेतलीच नव्हती. घेतली ती मिनेगिशी कोहेइ यांनी. मिनेगिशी पियानो सुरात लावून देतात. पूर्वी ते एका मोठ्या कंपनीत होते, आणि कंपनी सुटली तरी तिथली शिस्त काही सुटली नव्हती. बायकोच्या आग्रहाखातर ते पितरांच्या ओबोन सणात बेप्पूला जाऊन गरम झऱ्यांत डुंबून आले आणि सोमवारी सकाळी हत्यारांची पेटी उघडून बसले.

येत्या रविवारी नगरभवनात आकिझुकी सेन्सेईंचं पियानोवादन होतं. अर्ध्या गावाला पियानो शिकवलेल्या या बाईंची बोटं आता आखडत चालली होती. हे शेवटचं वादन, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. दमट हवेने नगरभवनाचा पियानो पार बेसूर झालेला. तो लावायचा होता मिनेगिशींनी, आणि त्यांचा कान लहानपणी तयार केला होता तो याच बाईंनी.

"थेट कामाला?" बायको सावाए दारातच उभी राहिली. "अहो, मांजू कोण वाटणार?"

रजेवरून परतणाऱ्याने तिकडचे मांजू, म्हणजे पुरण भरलेले गोड पाव, आणावेत, 'माझ्या गैरहजेरीत आपल्याला त्रास झाला' म्हणून कमरेत वाकावं आणि मगच खुर्चीला पाठ टेकवावी, हा आमचा रिवाज.

"पण त्रास कोणाला झालाय? मी गेलो होतो हे कोणाला ठाऊकसुद्धा नाही!"

"मग सांगायला नको?"

मुद्दा बिनतोड होता. मिनेगिशी मांजूचे डबे घेऊन गिऱ्हाइकांकडे निघाले.

"अगं बाई! तुम्ही गावात नव्हता?" तोफूवाल्या ओगुशीकाकूंनी छातीवर हात ठेवला. "आणि आम्ही खुशाल झोपलो! मध्येच पियानोची तार तुटली असती तर?"

त्रास झाल्याचं अशा रीतीने सिद्ध झालं. काकूंनी परतभेट म्हणून तोफू दिला. तोफू घेतला म्हणजे आभार मानायला पुन्हा जाणं आलं. तीच गत प्रत्येक घरी. बुधवार उजाडला तरी हत्यारांची पेटी होती तिथेच होती, आणि डबे संपले. नेमके दातांचे डॉक्टर हिरुकावा उरले.

"शेजाऱ्यांकडे डबा पाहिला," डॉक्टर थंडपणे म्हणाले. "म्हणजे आम्हाला त्रास झाला नाही, असं तुमचं म्हणणं?"

तेच मांजू आमच्या स्टेशनवरही मिळतात. पण सावाए कडाडली, "बेप्पूला न जाता बेप्पूचे मांजू? ही शुद्ध फसवणूक आहे!" तेव्हा मिनेगिशी पुन्हा बेप्पूला गेले. एवढ्या लांब जाऊन अंघोळ न करणं बरं दिसेना, म्हणून डुंबले. डुंबले म्हणजे ती रजाच झाली. आणि या दुसऱ्या रजेची माफी साऱ्या गावाकडे नव्याने मागणं ओघानेच आलं.

रविवारी सकाळी ते पेटी आणि डबे घेऊन धावतपळत नगरभवनावर पोचले. दारातच संस्कृती खात्याचे तोकुशिगे भेटले. "वा! कामावर परतावं तर असं! सगळे इथेच येतायत, वाटून टाका."

"आधी पियानो..."

"तो काय पळून जातोय?"

शेवटचा डबा वाटला आणि घंटा झाली.

सेन्सेई वाजवू लागल्या. वरचा सूर एकीकडे, खालचा दुसरीकडे. पियानो नुसता विव्हळत होता. मिनेगिशींच्या जिवाचं पाणी पाणी झालं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या मांडीवर डबा, तोंडात मांजू. एकाचीही भुवई हलेना. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! वादन संपताच सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. तोकुशिगेंनी पियानोची देखभाल कायमची मिनेगिशींकडे सोपवली. गावात दुसरा एक पियानो लावणारा आहे, अख्खा उन्हाळा तो इथेच होता. पण वर्षानुवर्षं ना एक रजा, ना एक डबा. असल्या कोरड्या माणसाला कोण विचारतो?

पडद्यामागे मिनेगिशींनी जमिनीला कपाळ टेकलं. "सेन्सेई, तुमचं शेवटचं वादन मी मातीत घातलं."

"घातलंस खरं," बाई म्हणाल्या. "ऊठ आता. पुढच्या रविवारी परत वाजवते. पियानो लाव, आणि डबा एकही आणू नकोस."

मिनेगिशींनी आठवडाभर खपून पियानो असा लावला की नुसत्या स्पर्शाने बोलावा. बाईंनी वाजवलं म्हणे, आखडलेल्या बोटांनीसुद्धा, आयुष्यात वाजवलं नव्हतं तसं. 'म्हणे' अशासाठी, की ऐकायला फक्त मिनेगिशी होते. आम्हीही गेलो होतो हो, सगळेच गेलो होतो. दारातून डोकावलो. आत डबे दिसेनात, तेव्हा आपापल्या घरी आलो.

तुम्ही असता तर आत जाऊन बसला असता म्हणता? वा! मग या की एकदा आमच्या गावाला. येताना काय आणाल?