मेश्रामचा पुठ्ठा

मेश्रामकडे जुन्या कॅलेंडरचा एक पुठ्ठा होता. कॉम्प्युटरवर एखाद्या पार्टचं रंगीत चित्र उमटलं, की तो आधी त्या चित्रावर पुठ्ठा धरायचा आणि कडेची आकड्यांची पट्टी तेवढी वाचायचा. समोर कुणी उभं असेल तर त्यालाही चित्र दिसू द्यायचा नाही.

गोंदियात राइस मिलची यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात तो डिझाइन बघायचा, मी वर्कशॉप. पार्ट घडवण्याआधी त्यावर किती ताण येईल हे सॉफ्टवेअर रंगांत दाखवतं. कमी तिथे निळा, जास्त तिथे लाल. एकदा ब्रॅकेटच्या कोपऱ्यात लाल पाहून शेठजींचा चेहरा पडला. मोटा कर दो, म्हणाले. मेश्रामने शांतपणे कॉम्प्युटरमधलं सगळं वजन काढून फक्त एक किलो ठेवलं. कोपरा तेवढाच लाल. ताण मच्छर बसल्याचा का असेना, जिथे सगळ्यात जास्त तिथे लाल येणारच, किती ते पट्टीवर वाचायचं, हे त्याने हिंदीत दोनदा समजावलं. शेठजींनी मान डोलावली आणि जाता जाता मला सांगून गेले, फिर भी थोडा मोटा कर दो.

असली जादा मजबुती मेश्रामला मुळीच खपत नसे. दुप्पट बस झाली, पुढे नुसतं भेव, असं त्याचं म्हणणं. आणि एक ठरलेला प्रश्न: "धरलं कुठी, ते सांग पयले." पार्ट कशाला पक्का बांधलाय हेच चुकीचं सांगितलं, तर कॉम्प्युटर बेधडक खोटं उत्तर देतो. हा प्रश्न तो कारखान्याबाहेरही सोडत नसे. लग्नाला गेला की मांडवाचे खांब हलवून बघायचा. माझ्या मुलीच्या बारशाला आला, तर बाळ बघायच्या आधी स्टुलावर चढून पाळण्याचा हूक बघून घेतला. बायको अजून त्यावरून मला बोलते.

म्हणून एका दुपारी त्याच्या पडद्यावर वाकवलेल्या पाइपची साधी दांडी आणि तिच्यावर तीनशे किलो वजन पाहिलं, तेव्हा मला राहवलं नाही. हत्ती बांधतोस का, म्हणून विचारलं.

"माय," तो म्हणाला. "न्हाणीत धरून उठाले."

मेश्राम लग्नाच्या भानगडीत पडला नव्हता. गोरेगावजवळच्या खेड्यात तो आणि त्याची आई, दोघंच. तिचे गुडघे गेलेले, वजन जेमतेम चाळीस किलो. रोज सकाळी तिला हाच उठवायचा, मग मोटरसायकलने कामावर. आणि त्याच्या खिशात पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र होतं. स्वयंपाकाला शेजारीण तयार होती. आईचा उठण्याचा प्रश्न सुटला, की तो जाणार होता.

दांडी त्याने जेवणाच्या सुट्टीत स्वतः वेल्डिंग करून नेली. चौथ्या दिवशी तीच दांडी परत घेऊन आला. दांडीला काही झालं नव्हतं, ती भिंतीसकट आईच्या हातात आली होती. कॉम्प्युटरमध्ये त्याने भिंत अढळ धरलेली, आणि घराची भिंत मातीची. हा बाजूलाच उभा होता म्हणून आई पडता पडता वाचली. अख्ख्या गोंदियाला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारायचा राहिला, म्हणून आम्ही आठवडाभर त्याची फिरकी घेतली. मग त्याने जमिनीत खड्डा करून, काँक्रीट भरून दुसरी दांडी उभी केली. ती बैलालाही हलली नसती.

तरी मेश्राम गेला नाही. पुण्यातले लोक पट्टी वाचत नाहीत, नुसते रंग बघतात, असं त्याने शेठजींना सांगितलं. शेठजींना ते पटलं.

एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्याच्या घरी गेलो. बिनछपराच्या न्हाणीतल्या दांडीवर घडी मोडून टॉवेल पसरला होता. त्याच्या आईला विचारलं, मावशी, धरत नाही का ही?

"पक्की हाय बाबू. मी धरून उठतो आपल्या मनानं," म्हातारी म्हणाली. "पण हाच तिच्यावर टावेल टाकून ठेवते, अन् खांदा देऊन राहते."

मेश्रामने माझ्याकडे पाहिलं नाही. लोखंड सकाळी गार लागतं तिला, एवढंच म्हणाला.

मला त्याची कीव आली नाही, थोडा हेवाच वाटला. मी टॉवेल जरा सरकवून दांडीला हात लावला. मे महिना होता, उन्हाने पाइप चांगला तापला होता.