सहज स्टॉकहोमला

सिंगापुरात भर दुपारी कानटोपी घालून फिरणारा माणूस तुम्हाला दिसला, तर घाबरू नका. ते आमचे देवस्थळी काका. ते त्या वेळी स्टॉकहोममध्ये असतात.

काका इथल्या एका कंपनीत हिशेब तपासून निवृत्त झालेले. मी जुरोंग ईस्टच्या एका शाकाहारी खाणावळीत स्वयंपाकी. सिन्नरला नववीत शाळा सोडली, त्यामुळे इथलं इंग्रजी पत्र आलं की मी ते नुसतं उलटंसुलटं करून बघतो. ती पत्रं काका वाचून देतात. राहायला त्यांच्याच फ्लॅटमधली खोली दिली आहे. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

म्हणून दर रविवारी मी त्यांच्याबरोबर स्टॉकहोमला जातो.

तिकडे तीन दिवसांची सहल करायची, असं काकांनी दोन वर्षांपूर्वी ठरवलं. तिकीट मात्र अजून काढलेलं नव्हतं. "आधी एक तालीम नीट होऊ दे," म्हणायचे. तालीम म्हणजे काय, तर इथल्याच मेट्रोने फिरायचं: जुरोंग ईस्ट स्टेशन हे विमानतळ, बुओना व्हिस्टा हे तिथलं जुनं गाव आणि नोव्हेना हे जहाजाचं संग्रहालय.

"गोंधळ नको. नीट ऐक," काका सुरू करायचे, आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू व्हायचा. "आपण आत्ता कुठे आहोत?"

"बुओना व्हिस्टाला, काका."

"अरे, जुन्या गावात! गल्ल्या अरुंद आहेत, सांभाळून चाल."

समोर रुंद रस्ता. मी अंग चोरून चालायचो.

नोव्हेनाला तर कमालच झाली. बंदरातून निघाल्या निघाल्या बुडालेलं एक जुनं जहाज स्टॉकहोमवाल्यांनी वर काढून ठेवलंय म्हणे. "बुडालेलं बघायला तिकीट?" मी विचारलं. काका तिथल्या इस्पितळासमोर ओव्हरकोट घालून आकाशाकडे बघत उभे राहिले. डोलकाठी बघत होते. तेवढ्यात एक नर्स चाकांची खुर्ची घेऊन पळत आली. "अंकल, कोट काढा ना! चक्कर येतेय का?" काका खुर्चीत बसले नाहीत, पण परत येताना म्हणाले, "माणसं चांगली आहेत हो स्टॉकहोमची."

प्रत्येक तालीम सहलीच्या तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी अडायची. राजवाडा झाला, बोट झाली, की काका एकदम म्हणायचे, "चल, घरी." तिसरी संध्याकाळ मोकळी का, हे मला कळत नव्हतं. विचारायची भीती वाटायची.

मागच्या रविवारी मात्र फ्लॅटच्या लिफ्टमध्ये ते म्हणाले, "गोंधळ नको. तू आत जा, दार लाव. मी बेल वाजवली की उघड. तू आता मनू आहेस."

मनू म्हणजे त्यांची मुलगी. तिने परक्या देशातल्या मुलाशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून फोन बंद, एवढं मला माहीत होतं. ती राहते स्टॉकहोमला, हे त्या लिफ्टमध्ये कळलं.

"मी काय म्हणायचं?"

"'तुम्ही इथे कसे?' एवढंच. मग मी म्हणेन, सहज या बाजूला आलो होतो, शहर बघायला."

"काका, एवढं लांब कोणी सहज जातं का? त्यापेक्षा फोन करा की."

"फोनवर ती नका येऊ म्हणाली तर?" काका लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते. "दारात आलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही रे कुणाला."

मी आत गेलो. बेल वाजली. दार उघडलं, तर काका कानटोपी हातात घेऊन पायपुसण्यावर उभे. घामाघूम. त्यांना तसं बघून मी माझं वाक्यच विसरलो. सिन्नरला आई म्हणते तेच तोंडातून गेलं, "या, आत या. हातपाय धुवा, मी चहा टाकते."

टाकते, म्हणालो मी. हसतील असं वाटलं.

काका हसले नाहीत. टोपीनेच त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"हे तिचं वाक्य नाही," मग म्हणाले.

"चुकलं, काका."

"नाही, नाही. असू दे." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "अजून एकदा करू. असंच म्हण. मग तिकिटाचं बघू."

त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं. बाहेर चपलांची चुळबुळ ऐकू येत होती. बेल वाजायच्या आत मी धावत जाऊन गॅसवर खरंच चहाचं आधण ठेवलं.