राखीव अंतरा

श्रीधर निगुडकर गाणं नेहमी अर्धंच म्हणतात. पहिला भाग, म्हणजे स्थायी, अगदी स्वच्छ आणि खणखणीत शब्दांत. पुढे अंतरा आला की तोंड मिटून नुसतं "म्म् म्म् म्म्". चाल असते, सूर पक्का असतो, शब्द तेवढे नसतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तोंडात पान असेल. पण ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी, सकाळी नऊ वाजता, आर्नहेमसारख्या डच शहरात पान कुठून येणार?

"अंतऱ्याचे शब्द काय आहेत हो?" मी विचारलं.

"तो भाग राखीव आहे," असं म्हणून त्यांनी कॉफीचं बटण दाबलं.

आम्ही दोघंही एका वीज कंपनीच्या आयटी विभागात आहोत. मी पुण्याची, ते मिरजेचे. त्यांच्याकडे बॅकअपचं काम आहे. अख्ख्या कंपनीच्या माहितीच्या प्रती काढायच्या, त्या प्रतींच्या प्रती काढायच्या आणि त्या तिसऱ्याच गावी नेऊन ठेवायच्या, हा त्यांचा धंदा. "आधी प्रत घे, मग बोल," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी स्वप्नातसुद्धा फाइल सेव्ह करते. इथल्या लोकांना ग म्हणता येत नाही, ते घशातून ख काढतात; त्यामुळे ऑफिसात ते मिस्टर निखुडकर आहेत. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. "खर्ज चांगला लागतो यांचा," एवढंच म्हणतात.

निगुडकरांच्या आयुष्यात देव एकच, दत्तूबुवा सावळजकर. तुम्ही हे नाव ऐकलेलं नसणार. कुणीच ऐकलेलं नाही, आणि हेच निगुडकरांचं दुखणं आहे. बुवा मिरजेत दोन खोल्यांत राहायचे आणि बंदिशी रचायचे. निगुडकरांच्या मते गेल्या शंभर वर्षांत असा रचनाकार झाला नाही. बाजारात भाजी घेताना बुवांना बंदिश सुचे, मग भाजी तिथेच राही आणि बुवा घरी येत. रेडिओवाल्यांनी एकदा बोलावलं तर स्टुडिओतला लाल दिवा बघून परत आले, म्हणाले, दिव्याच्या हुकमानं मी थांबणार नाही. मुंबईचे गवई येत, चहा पीत, दोन-चार बंदिशी ऐकून जात आणि पुढच्या मैफलीत बिनदिक्कत गात. बुवांचं नाव कुणी घेत नसे. निगुडकर कॉलेजात असल्यापासून बुवा जाईपर्यंत त्यांच्याकडे शिकले. आता त्यांच्या बंदिशी जाणणारा जगाच्या पाठीवर हा एकच माणूस उरलाय, आणि तो अंतरा आला की तोंड मिटतो.

ही जुन्या गवयांची रीतच आहे म्हणे. चीज, म्हणजे बंदिश, चोरीला जाऊ नये म्हणून अंतऱ्याचे शब्द खाऊन टाकायचे. ठीक आहे, पण ते मिरजेत. इथे भीमपलासाचा अंतरा कोण चोरणार? निगुडकरांच्या शेजारी एक निवृत्त टपालवाले राहतात, ते दिवसभर बागेतलं गवत कापतात. तरी रियाजाला बसताना निगुडकर खिडकी लावून घेतात.

मी एकदा फोन समोर धरला आणि म्हटलं, "एकदा नीट म्हणा, मी रेकॉर्ड करते. उद्या तुम्हाला काही झालं तर?" त्यांनी कोट चढवला आणि ते निघून गेले. त्यांचा मुलगा ग्रोनिंगनला शिकतो. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तो म्हणाला, "बाबा, जस्ट अपलोड इट." निगुडकरांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. मुलाला ते कळलंच नाही, कारण एरवीही तो फोन करत नाही.

आगगाडीच्या शांतता डब्यात बसून गुणगुणायची त्यांना भारी हौस. एकदा समोरच्या बाईंनी काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. निगुडकरांनी शांतपणे डचमध्ये सांगितलं, की पाटीवर बोलू नका असा अर्थ आहे आणि मी बोलत नाही, यात शब्दच नाहीत. बाई विचारात पडल्या. पुढच्या स्टेशनावर त्यांनी डबा बदलला.

आमच्या ऑफिसात पीटर नावाचा एक उंच माणूस आहे. दर वसंतात तो चर्चच्या गायकवृंदात कुण्या जर्मन रचनाकाराची तीन तासांची एकच रचना गातो. रचनाकार जाऊन शतकं लोटली. तरी या देशात गावोगावी लोक मफलर गुंडाळून लाकडी बाकांवर बसतात, मांडीवर छापील संहिता ठेवतात आणि तीच रचना पुन्हा ऐकतात. पीटरनं एकदा ते जाडजूड पुस्तक जेवणाच्या टेबलावर ठेवलं. निगुडकरांनी डबा बाजूला सारला, हात पुसले आणि पानं उलटली. प्रत्येक सूर छापलेला. प्रत्येक शब्द त्या सुराखाली.

"त्यांच्या बुवांचं पुस्तक दुकानात मिळतं," ते मला मराठीत म्हणाले.

"मग तुमच्या बुवांचंही छापा की."

"यांच्या बुवांचा एकच दोष. काहीच राखीव ठेवलं नाही." हे बोलून त्यांनी पुस्तक मिटलं, आणि त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत गेला.

मला राग यायचा. एवढं भांडार एका हट्टी म्हाताऱ्याबरोबर बुडणार, हे दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. वर हा माणूस रोज दुपारी इंटरनेटवर भांडायचा. बुवांची भीमपलासातली एक बंदिश, "धूप ढली अब, गैल न रोको", आता बरेच जण गातात. गातात म्हणजे स्थायी गातात आणि ताना मारतात. खाली लिहिलेलं असतं, पारंपरिक. निगुडकर प्रत्येक ठिकाणी प्रतिक्रिया टाकणार: ही पारंपरिक नाही, ही दत्तूबुवा सावळजकरांची. कुणीतरी विचारणार, पुरावा काय? बंदिशीच्या अंतऱ्यात रचनाकार आपलं टोपणनाव गुंफतो, तीच त्याची सही. बुवांची सही होती धूलिदास. म्हणजे अंतरा दाखवला की वाद मिटला. निगुडकर लिहिणार, अंतरा राखीव आहे. मग खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

गेल्या महिन्यात कापेल आन डेन आयसेल या उपनगरात मराठी मंडळींनी एका तरुण गवयाची मैफल ठेवली. रविवारी दुपारी, वस्तीच्या सभागृहात. मागच्या टेबलावर समोसे, बाहेर भिजलेल्या सायकली, मुलं एकमेकांशी डचमध्ये भांडतायत. मी निगुडकरांना ओढूनच नेलं. पोरगा गुणी होता. भीमपलास मांडला, आणि म्हणाला, "आता एक पारंपरिक बंदिश."

मला कळलंच. मी निगुडकरांची बाही धरेपर्यंत ते उभे राहिले होते.

"ही पारंपरिक नाही. ही आमच्या बुवांची आहे."

पोरगा चिडला नाही. त्यानं हात जोडले. "काका, मला खरंच माहीत नव्हतं. मला एवढी स्थायीच मिळाली. तुम्ही अंतरा सांगा. आत्ता इथे बुवांचं नाव घेऊन गातो, आणि यापुढे जिथे गाईन तिथे घेईन. शब्द देतो."

सगळे वळून बघत होते. याहून चांगली संधी कुठून येणार? मी हळूच म्हटलं, "सांगा हो."

निगुडकरांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "तो भाग राखीव आहे."

कुणीतरी मागे हसलं. "एवढा कंजूषपणा बरा नव्हे," असंही एक बाई म्हणाल्या, ऐकू जाईल अशा बेतानं. निगुडकरांनी कोट घेतला आणि ते बाहेर पडले. पोरगा थोडा थांबला, मग त्यानं तंबोऱ्याकडे पाहिलं आणि स्थायी सुरू केली.

मी तावातावानं त्यांच्यामागे मेट्रो स्टेशनवर पोहोचले. ते बाकावर बसले होते. वारा झोंबत होता.

"तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" मी म्हटलं. "बुवांचं नाव राहिलं असतं आज. तुमच्या हट्टापायी गेलं."

"मानसी, मला तो अंतरा येत नाही."

मला वाटलं, विसरले. वय झालं की होतं असं. "बरं, मग दुसऱ्या एखाद्या बंदिशीचा सांगायचा."

"कुठलाच येत नाही. बुवांनी मला अंतरे दिलेच नाहीत. स्थायी शिकवायचे. अंतऱ्याची वेळ आली की म्हणायचे, श्रीधर, चहा टाक. मी स्वयंपाकघरात, आणि ते आत एकटेच अंतरा म्हणत बसायचे. योग्य वेळ आली की देईन म्हणायचे. ती यायच्या आधी गेले."

मी त्यांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं त्यांच्या चरणाशी बसलेला माणूस. खोल्या झाडल्या, औषधं आणली, शेवटच्या दिवसांत अंगही पुसलं असेल. आणि त्या म्हाताऱ्यानं त्याला अर्ध्यावर ठेवलं. बुवांबद्दल माझ्या मनात आलं ते मी बोलूनच टाकलं.

"दुष्ट होते तुमचे बुवा."

"बघ," निगुडकर म्हणाले. "तूसुद्धा हेच म्हणालीस. म्हणून मी कुणाला सांगत नाही."

कंजूष कोण हे लोकांनी ठरवायचंच होतं, तर ते नाव या माणसानं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मुलासमोर, ऑफिसात, इंटरनेटवर, आणि आज भरल्या सभागृहात.

"मी कंजूष ठरलो तर काय बिघडतं?" ते म्हणाले. "मला कोण ओळखतं?"

"एखादा अंतरा रचून द्यायचा होता मग. धूलिदास घालून. तुम्हाला सहज जमला असता."

"जमला असता. पण मग तो माझा झाला असता ना गं. त्याच्यावर त्यांची सही कशी करू?"

म्हणजे सगळं संपलंच. ती सही आता कुणाकडेच नाही. ज्या माणसानं तिसऱ्या गावी तिसरी प्रत ठेवायचा नेम केला, त्याच्याजवळ या एका गोष्टीची एकही प्रत नाही. पोरगा अजून काही वर्षं ती स्थायी पारंपरिक म्हणून गाईल, त्याचे शिष्य गातील, आणि दत्तूबुवा सावळजकर नावाचा कुणी माणूस होता हे निगुडकरांबरोबर पुसलं जाईल. मला रडू येत होतं, त्यांना नाही. त्यांनी ते कधीच उरकलं असावं.

"पण चाल तर तुम्हाला येते," मी म्हटलं. "ते म्म् म्म्."

"चाल भिंतीतून यायची. शब्द येत नसत. बुवांकडे पंपाचा स्टोव्ह होता, त्याचा आवाज फार."

"मग बारीक करायचा होता तो स्टोव्ह. दोन मिनिटं."

"करता आला असता."

गाडी आली. दारं उघडली, कुणी उतरलं नाही, आम्हीही उठलो नाही. दारं मिटली आणि गाडी गेली.

"त्यांना द्यायचं असतं तर समोर बसवून दिलं असतं," निगुडकर म्हणाले. "त्यांनी मला बाहेर पाठवलं होतं. कधी कधी एखादा शब्द यायचा कानावर. मग मी स्टोव्हला अजून पंप मारायचो."